वरची दोन सेकंदं

आक्रा शहरात, बुकोमला, समुद्राकडून तिसऱ्या गल्लीत,
जिथं मासळी धुरवायचा वास धुतल्या कपड्यांतूनही जात नाही,
तिथल्या रिंगणाची घंटा बावीस वर्षं मी वाजवली.
एका हातात घड्याळ, दुसऱ्यात हातोडी.
माणसांकडे बघायचं नाही, काट्याकडे बघायचं.
एवढंच काम.

तरी बघितलं. सोवाहला बघितलं.
तो लढायचा म्हणजे मुळी लढायचाच नाही,
समोरच्याला त्याच्याच जागेवरून हुसकत राहायचा.
डावी टाच अर्धा इंच इकडे,
मान तेवढीच तिकडे,
की ठोसा त्याच्या कानाशेजारून निघून जायचा
चुकीच्या घरी शिरलेल्या पाहुण्यासारखा, ओशाळून.

मागच्या बाकांवरून हे दिसत नसे.
मागून दिसायची घामेजलेली दोन माणसं
आणि कुणालाच काही लागत नाहीये, एवढंच.
"पळायचंय तर धक्क्यावर जाऊन पळ!"
कोर्कोई ओरडायची,
भट्टीवरून तशीच उठून आलेली, डोळे लाल.

ओकांतेला मात्र ती कधी बोलली नाही.
ओकांते सगळं अंगावर घ्यायचा, नाक, भुवई, बरगड्या,
अकरा लढती हरला होता,
पण जिंकला की समोरचा आडवा,
आणि आडवा माणूस शेवटच्या बाकावरूनही आडवाच दिसतो.
त्याचं नाव एका होडीवर रंगवलं होतं.
सोवाहचं कशावरच नाही.

मी तिला एकदा विचारलं, असं का गं?
जाळीवरचे मासे उलटता उलटता म्हणाली,
"तीन पंच, तीन कागद.
जागेचा खटला आम्ही कागदावर हरलो.
होडीचं इंजिन कागदावर दुसऱ्याचं झालं.
नवरा बुडाला, त्याचाही कागद आला
सहा महिन्यांनी, नाव चुकवून.
आता शनिवारी रात्रीही कागदच वाचून घेऊ होय?
ओकांतेनं पाडलं की दहापर्यंत मी मोजते.
माझी मी. कुणाची सही लागत नाही."

सोवाहच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे शब्द होते,
पण सगळे बारीक.
त्या धुरात दिसले नसते.

मग त्या दोघांची रात्र. आठवी फेरी.
सातही फेऱ्या सोवाहच्या, तिन्ही कागदांवर.
काटा तीन मिनिटांवर आला
आणि ओकांतेचा उजवा खांदा मागे गेला.
सगळं बुकोम उभं राहिलं. मीही.
हातोडी हातातच होती.

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही:
मला बघायचं होतं.
ज्याच्या पायांवर मी बावीस वर्षं जीव टाकला
तो कोसळताना
मला बघायचा होता.

दोन सेकंदं.
छत्री मिटावी तसे त्याचे पाय मिटले.
मग मी घंटा वाजवली, पण ती ऐकतंय कोण.
कोर्कोई मोजत होती, घसा फाटेस्तोवर,
एकोमे, एन्यो, एते...

सोवाह हल्ली धक्क्याशेजारी जाळी विणतो.
परवा म्हणाला, "घड्याळ अजून तेच का रे तुझं?"
"तेच."
"बरोबर चालतं?"
"हो," म्हणालो.

त्यानं गाठ मारली, ओढून पाहिली,
मान अर्धा इंच वळवली,
आणि माझा हो
त्याच्या कानाशेजारून निघून गेला.