मठार

केरूनानांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला
की खाली, अगदी तळाशी,
सँडलचा पट्टा उचकटल्यासारखा आवाज येतो.
सात वर्षं मी हाच आवाज गोळा करतेय.

नाशिकच्या तांबट आळीत त्यांनी जन्मभर घागरी ठोकल्या.
सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून म्हणाले,
"मठार बरा उठलाय. हात कुणाचा?"

माहीत नाही, नाना.
गच्चीवरची कबुतरं असतील. भट्टीचा धूर असेल.

"ठोकून ठोकून तांबं कडक होतं, डॉक्टर.
मग आम्ही ते तापवतो, पुन्हा नरम येतं.
तुमच्याकडं काय?"

गोळी आहे.
ठोकणाऱ्याचा हात ती जरा सावकाश करते,
एवढंच.

रात्री काचपट्टीवर गुलाबी व्रण,
कडेला एक पेशी अजून मऊ.
खिडकीतून गंगेवरचा गारठा आत येतो.
मी उठत नाही.