नऊ ग्रॅम

कणकुंबीत, काट्याला कापडी पिशवी लटकावून
मष्णू घाडी वाचतो: नऊ ग्रॅम. लिही.
घाटाखाली केरीतला चष्मेवाला
आठसुद्धा भरला नव्हता.

वरच्याची पिसं दाट,
पंख नखभर लांब,
शीळ सावकाश, वाऱ्याला आधी बोलू देणारी.
किती पिढ्या धुकं पांघरलं असेल यांनी,
वहीत तो रकाना नाही.

माझी थोरली आत्या केरीत दिलेली.
माहेरी आली की स्वेटर मागते,
'गे'चं 'गो' झालंय तिचं,
हसते अजून इथलंच, मान मागे टाकून.

मष्णू नाडी सोडतो.
"खाली नेऊन सोडला तर जगंल काय रे हा?"
"जगंल की.
खरं तिथल्या मादीला
ह्याची भाषा कळाय पायजे."