सोडायला

ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी डिमेलो मिसने
फळ्यावर सहा शब्द लिहिले, एकाखाली एक.
मार्कर वाळत आला होता,
शेवटचे दोन मान वाकडी करून वाचावे लागले.

अकंपनी: बरोबर जाणं.
एस्कॉर्ट: बरोबरच, पण जबाबदारी आपली.
मागे कुणीतरी फिसकन हसलं. मिस थांबल्या.
"तो दुसरा अर्थ एअरपोर्टच्या बाहेर ठेवून यायचा."
अशर: आत नेऊन जागेवर बसवणं.
लीड: पुढं चालणं. गाइड: वाट ठाऊक असणं.
सी ऑफ: माणूस दिसेनासा होईस्तोवर उभं राहणं.

मी वहीत समोर मराठी लिहायला घेतलं.
सहातल्या पाचांना एकच शब्द सुचला,
पोचवणं,
आणि तोही खोडला.
आमच्याकडे सफाळ्याला "पोचवून आलो" म्हटलं
की ऐकणारा आधी पायांवर पाणी घालतो
मग विचारतो, कोण गेलं.

त्याला चार वर्षं झाली.
निळा शर्ट, छातीवर एच. पागधरे,
हातात रिकाम्या खुर्चीच्या दोन मुठी
आणि कमरेला वॉकीटॉकी, तिला माझ्यापेक्षा जास्त काम.

काल रात्री कुमुद रेगे. वय एक्क्याऐंशी. नैरोबी.
तिकडे धाकटी बहीण, अंथरुणाला खिळलेली.
मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मेतकूट,
सिक्युरिटीवाल्याने ते तीनदा हुंगलं.
काचेपलीकडे पुतण्या हात हलवत होता
फोनवर बोलता बोलता.

ड्यूटी फ्रीच्या अत्तरांमधून जाताना
त्या वळल्या नाहीत, समोर बघतच म्हणाल्या,
"तू मला नेतोयस ना रे?"
"हो आजी."
"मग पुढं मी कशी?"

खरंच की.
चार वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.
जिला न्यायचं तीच पुढं असते,
जगाचा कोपरा आधी तिच्या गुडघ्याला लागतो.
मला दिसतो विरळ भांग, एक काळी पिन,
आणि मानेवर चष्म्याच्या दोरीची गाठ.
बाकी सगळं तिच्या खांद्यावरून.

गेटवर कागद. त्यावर रकाना: एस्कॉर्टेड बाय.
मी सही केली, वेळ घातली, दोन दहा.
"इथंच सोडतोस होय?"
"इथपर्यंतच सोडतो आजी,"
म्हटलं, आणि तो शब्द दाताखाली खड्यासारखा आला.
पोराला शाळेत सोडतात, पाहुण्याला स्टँडवर,
गाय सोडतात, जाळं सोडतात, उपास सोडतात,
माझ्या मावशीला तिच्या नवऱ्याने सोडलं,
मग तिचा भाऊ तिला माहेरी सोडायला आला.
डिमेलो मिसकडे यातल्या प्रत्येकाला
वेगळा शब्द असणार. विचारायचं राहिलं.

मी मुंबईला निघालो तेव्हा आई
मोरीपर्यंत आली. पदराला हात पुसला, म्हणाली,
"हो पुढं."
उभी राहिली नाही. चुलीवर भात होता.
तेव्हा राग आला होता मला.

आजींनी जाताना माझा हात धरला नाही,
खुर्चीची मूठ धरली, जिथं मी धरतो तिथंच.
"आणि तुला रे न्यायला कोण येतं?"
गेटवरची मुलगी बोर्डिंग पास मागत होती,
त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

पहाटे चारला सुटतो.
सहार रोडच्या पेट्रोल पंपावरचा भुरका कुत्रा
उठतो, अंग झाडतो, चालू लागतो
अर्धं पाऊल माझ्यापुढं.
बिस्किट दिलं तरी येतो, न दिलं तरी येतो.
वाट मला ठाऊक आहे, त्यालाही आहे.
चकाल्याचा सिग्नल कुणासाठीच नसताना लाल होतो,
आम्ही दोघं थांबतो. का ते सांगता येणार नाही.

मरोळच्या पाइपलाइनपाशी त्याची हद्द संपते.
पलीकडून दुसरे भुंकायला लागतात.
तो तिथं बसतो, मागच्या पायाने कान खाजवतो.

मी पुढं होतो.