जाऊन येते

मात्सुएतल्या पहिल्याच मंगळवारी
माझी कचऱ्याची पिशवी परत दारात:
झाकणं वेगळी, दुधाचा खोका धुऊन,
कापून, सपाट.
चिठ्ठी नाही.

खालच्या कुनिएदाबाई.
माफी मागायला गेले, तर
आधी माझं वाक्य दुरुस्त केलं,
मग काकी सोलून दिलं.
(काकी हे इथं फळ आहे.)

दोन वर्षं हेच. 'वा' नाही, 'गा'.
चुकलं की बोटाची टेबलावर टिचकी.

घरातून निघताना इथंही म्हणतात,
जाऊन येते.
तेवढं एक मला शिकवावं लागलं नाही.

शेवटच्या सकाळी बॅगा उतरवल्या,
वाकले, आणि सवयीनं तेच म्हणाले.
परतणार नसेल तिनं
ते म्हणायचं नसतं.

दाराच्या चौकटीवर बोट उचललेलं,
तसंच राहिलं.