पंपाजवळची जागा

शब्द सांगितला तेव्हा मावशी म्हणाली,
परफ्यूमचं दुकान? बरंय की, कॉलेज रोडला चालेल.
मी तोडून तोडून पुन्हा सांगितला, पर-फ्यु-जनिस्ट,
तिसऱ्यांदा सांगितलाच नाही.

सातपूरच्या आमच्या खोलीत, सतरंजीवर तीन माहितीपत्रकं.
पहिल्यावर काचेची इमारत, पुढ्यात कारंजं,
पांढऱ्या कोटातली मुलं कशाला तरी हसताहेत.
दुसरं इथलंच. घरचा डबा, सिटी बस, फी हप्त्यानं.
तिसरं नुसती झेरॉक्स, तीही तिरकी,
रात्रभराच्या एसटीवर.

तिन्हीकडे फोन केला.
अडखळू नये म्हणून प्रश्न वहीत लिहून:
वर्षाला किती हृदयं थांबवता?
त्यातली माझ्या हाताखालून किती जातील?

(आई पोळी लाटता लाटता थांबली.)

पहिल्यांनी हॉस्टेलचा एसी सांगितला.
दुसऱ्यांचा आवाज भला होता:
केसेस तशा कमीच, बेटा, पण थिअरी पक्की करून घेतो.
तिसरीकडे कुणी चिमणपुरे मॅडम.
आधी गप्प. मग,
आकडा सांगते, पण एक दिवस येऊन उभी राहा.
चक्कर येते का बघ.

आली नाही.
मॉनिटरवरची रेघ आडवी झाली
आणि खोलीत कुणीच दचकलं नाही.
मॅडम स्टुलावर. नळीतून काळपट रक्त यायचं,
लालभडक होऊन परत जायचं.
त्या मोजकंच बोलायच्या:
फ्लो चार पॉइंट दोन. तापमान बत्तीस.
एक तास सव्वीस मिनिटं एक माणूस
त्यांच्या गुडघ्याशी जगत होता.
उठल्यावर तो सर्जनला हात जोडेल.
यांचं नाव त्याला कोण सांगणार?

अण्णा दिंडोरीकडच्या वायनरीत, टाक्यांवर.
जेवताना म्हणाले, रोलर असतो का? नळी दाबत दाबत ढकलणारा?
हो.
आमच्याकडेही तोच. बाकीचे पंप ओरबाडतात,
बी फुटली की अख्खी टाकी कडू.
घाईच्या माणसाला आम्ही तिथं उभंच करत नाही.

मी वहीत लिहिलं, रक्तपेशीही फुटतात.

आई म्हणाली, मग इथं राहून नाही का थांबवता येत हृदयं?
कुणीच उत्तर दिलं नाही. पोळी करपली.
अण्णांनी झेरॉक्स उचलली, मान तिरकी करून
फीच्या रकमेपाशी बराच वेळ थांबले,
मग घडी घालून खिशात ठेवली. शर्टाच्या, वरच्या.

निघताना त्यांनी हातभर नळी दिली,
बाद झालेली, आतून अजून जांभळट.
खिडकीशी बसून मी ती अंगठ्यानं दाबत होते,
सोडत होते. फार जोर नाही.
मोहदरीचा घाट कधी गेला
कळलं नाही.