मसुदा

यावलच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली
माझं टेबल एकोणतीस वर्षं एकाच जागी आहे.
वारसनोंदी, गहाळ दाखले, नावातला बदल, बांधाची भांडणं.
लोकांचं म्हणणं मी सरकारी भाषेत बसवून देतो.
पानाला तीस रुपये.

वायकोळे बाई आल्या त्या दिवशी
पत्रा तापून टकटक वाजत होता.
रिक्षातून उतरायला त्यांना चार मिनिटं लागली.
आठवीत त्यांनी आम्हाला बेडकाचं हृदय शिकवलं होतं,
तीन कप्पे, खडूच्या एकाच रेघेत.
आता वही काढताना बोटं
पिशवीच्या बंदातच अडकत होती.
मी हात पुढे केला.
बाईंनी नुसतं पाहिलं. मी मागे घेतला.

“लिही. मी, प्रमिला वायकोळे, वय सदुसष्ट, पूर्ण शुद्धीत.
श्वास थांबू लागला तर यंत्र लावू नये.
गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालू नये.
वेदना कमी करणारं औषध मात्र द्यावं,
त्यात हयगय करू नये.”

मी विचारलं, बाई, हे आत्महत्येत तर येत नाही ना?
“कायद्यानं फट ठेवलीय, दार नाही.
सुई मागता येत नाही, मला हवी असली तरी.
नको, एवढंच म्हणता येतं.
ते तरी शुद्ध लिही.”

नोटरी झोपे वकील खुर्चीतूनच म्हणाले, समजूत काढल्यासारखं,
घड उतरला की केळीचं खोड कापतातच की, बाई.
“झोपेसाहेब, मी केळ नाही.
खोडाला कोणी विचारत नाही. मला विचारा.”

साक्षीदार दोन लागतात.
चहावाल्या मुरलीधरनं सही केली, न वाचता.
बाईंनी ती खोडायला लावली,
सगळं वाचून दाखवलं, मग पुन्हा घेतली.
रमजान तडवी नाही म्हणाला.
ज्यानं दिला त्यानंच न्यावा जीव.
आणि उद्या असाच कागद एखादा मुलगा
म्हाताऱ्या आईपुढे धरेल, दवाखान्याचं बिल पाहून. तेव्हा?
“धरेल,” बाई म्हणाल्या.
“म्हणून तर आज आले,
माझा अंगठा दुसऱ्या कोणी उचलायच्या आत.”
रमजाननं सही केली नाही ती नाहीच.
पण माठातलं पाणी आणून
तांब्या बाईंच्या ओठांशी धरला,
आणि तो मात्र बाईंनी धरू दिला.

मी टाइप करत राहिलो.
बापूंना चौदा महिने नळी होती.
ते ती ओढून काढायचे. डॉक्टर म्हणाले, हात बांधा.
आईचं जुनं लुगडं फाडून मी पट्ट्या केल्या.
गाठ त्यांनीच शिकवलेली होती, गोठ्यात, लहानपणी:
वासराला काचू नये इतकी ढिली,
सुटू नये इतकी पक्की.
“सोड मले,” ते म्हणायचे,
नंतर आवाज गेला, तेव्हा नुसती बोटं म्हणायची.
मी म्हणायचो, थांबा बापू, थोडं थांबा.
काय यायचं होतं, कशासाठी थांबायचं होतं,
ते मला आजही सांगता येत नाही.
भावकीनं मला श्रावणबाळ म्हटलं.
मनगटं काळी पडली होती, ती आंघोळ घालताना मीच पाहिली.

बाईंनी प्रिंट हातात घेतली,
पेपर तपासतात तशी, ओळीखाली नख ठेवून.
सातव्या ओळीवर नख थांबलं.
“‘कोणत्याही कारणास्तव माझे हात बांधू नयेत.’
हे मी सांगितलं नव्हतं.”
नाही, बाई.
“मग?”
पत्रा वाजत होता. मी कीबोर्डकडे पाहत राहिलो.
खूप वेळानं त्या म्हणाल्या, “राहू दे.”

साक्षीदार क्रमांक दोनची जागा कोरीच होती.
त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं,
तळहाताच्या कडेनं, कारण बोटांनी ते जमेना.

पाठीमागे कोणीतरी खाकरलं. रेशनकार्ड हरवलं होतं.
थांबा, मी म्हटलं,
जरा थांबा.