वर्णन, पंचवीस शब्दांच्या आत

उद्यमनगरात दिवसभर मी लाकडी पॅटर्न तासायचो,
पंपाची कवचं, व्हॉल्व्हची तोंडं,
आणि रात्री नवानंतर राजारामपुरीतल्या कॅफेत
तासाला पंचवीस रुपये मोजून
जगाच्या यादीतलं कोल्हापूर सांभाळायचो.
पगार नाही. ओळखपत्र नाही.
माझ्यावरचा संपादक फिनलंडचा, निवृत्त पोस्टमास्तर.
त्याचा नियम एकच:
वर्णन पंचवीस शब्दांच्या आत, आणि स्तुती नको.

कोल्हापुरात स्तुती नको म्हणजे काय, सांगू?
खानावळीला 'लई भारी' लिहायचं नाही.
तालमीला 'नाद खुळा' लिहायचं नाही.
आण्णाप्पा व्हटकरांच्या दुकानाला मी लिहिलं:
कापशी चपला, हाताने शिवलेल्या, करकर वाजणाऱ्या.
माप कागदावर पाय ठेवून पाठवावं.
करकर ठेवू का, मोडक्या इंग्रजीत त्याला विचारलं.
त्यानं उलट विचारलं, आवाज ही स्तुती आहे का?
मी लिहिलं, नाही. माहिती.

मग ते यंत्र यायला लागलं.
लोक म्हणायचे, शोधतंय. मला वाटायचं, वाचतंय.
आमच्या बोळांतून एकेक पायरी उतरायचं,
आशिया, भारत, महाराष्ट्र, कोल्हापूर, हस्तकला,
आणि मोजायचं, कोणी कोणाकडे बोट दाखवलंय.
त्यात एक बोट माझं.
गडहिंग्लजची फरजाना बागवान
(शाळा आणि वाचनालयं तिच्याकडे)
म्हणाली, येऊ दे की. पाहुणा हाय, जेवून जाईल.
जेवला. डबाही भरून नेला.
एक दिवस त्याच्या पानावर, व्हटकरांच्या नावाखाली,
माझं वाक्य. करकरीसकट.
खाली माझं नाव नव्हतं. हवंही नव्हतं.
खोटं कशाला. थोडं हवं होतं.

आणि माझ्याकडे चारशे अर्ज तुंबलेले.
एका लॉजवाल्यानं पेढ्यांचा पुडा पाठवला.
पुडा परत केला, आणि रागानं
त्याचा अर्जही तळाला सरकवला.
यंत्राला राग नव्हता. त्यानं लॉज आठवड्यात घेतला.
हे मी फरजानालासुद्धा सांगितलं नाही.

ओतकामात असं असतं:
पॅटर्न वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात,
उरते ती पोकळी, आणि पोकळीत लोखंड.
पंपावर पॅटर्नवाल्याचं नाव कधी नसतं.
पण एकदा माझी पटाशी जरा जास्त बसली,
तर त्या वर्षीच्या प्रत्येक पंपाला
डाव्या कानामागं तेवढाच खळगा.

यादी बंद झाली त्याला वर्षं झाली.
पोस्टमास्तरची शेवटची मेल दोन ओळींची,
त्यातही स्तुती नव्हती.
व्हटकरांचा नातू आता मोबाइलची कव्हरं विकतो.
काल सहज शोधलं.
हजारो उत्तरं, सगळी एक नंबर, सगळी अस्सल,
आणि सातव्या पानावर, कुठल्याशा परक्या गावचं दुकान:
करकर वाजणाऱ्या. माप कागदावर पाय ठेवून पाठवावं.
चपला मशीनच्या. फोटोतच कळत होतं.

तरी उठलो. जुन्या पेपरवर पाय ठेवला,
भोवती पेन्सिल फिरवली.
अंगठ्यापाशी रेघ जरा आत गेली.
कागद अजून टेबलावर आहे.